शिरक्यात पाणी

सेराफिना मिरांडाला चोर म्हणणारी माणसं मरोळपासून घाटकोपरपर्यंत अजून सापडतील. कोणी माझ्यासमोर तो शब्द काढला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. इतकी वर्षं मी तोंड शिवून बसले, कारण तिने तशी ताकीद दिली होती. आता ती नाही. ज्याच्यापायी गप्प बसायचं तो अंबादास तावडेही मागच्या वर्षी गेला. तेव्हा आता मला कोणी अडवू नये.

सहासष्ट साली लग्न होऊन मी मरोळ गावठाणात आले, ती सेराफिनाची भाडेकरीण म्हणून. पुढचं कौलारू घर तिचं, मागची खोली आमची आणि मधल्या अंगणात तिचे रांजण. नवरा गेल्यावर तिने ताडीचा शिरका, म्हणजे व्हिनेगर, करून विकायला सुरुवात केली होती. गुणाजी भंडारी ताडी आणून द्यायचा. ती रांजणात भरायची, चुलीत लाल होईस्तोवर तापवलेला कौलाचा तुकडा त्यात सोडायची, तोंडाला फडकं बांधायची आणि मग महिनोन् महिने त्या रांजणाला कोणाचा हात लागू द्यायची नाही. माझ्या नवऱ्याने एकदा रांजणाला टेकून सायकल लावली, तर तिने ती उचलून रस्त्यावर नेऊन ठेवली आणि आठवडाभर आमच्याशी बोलली नाही.

राग तिच्या नाकावरच असायचा. अंधेरीचा एक हॉटेलवाला तिचं मोठं गिऱ्हाईक होता. तो एकदा म्हणाला, "मावशी, जरा पाणी घालून दे ना, स्वस्तात पडेल. खाणाऱ्याला काय कळतंय?" तिने त्याच्या हातातली भरलेली बाटली काढून घेतली आणि त्याला फाटकाबाहेर घालवलं. पुढे त्याने माणसं पाठवून पाहिली, पण त्याला पुन्हा थेंब मिळाला नाही. गावठाणात लग्न निघालं की लग्नघरच्या बायका आधी तिच्याकडे येत. डुकराच्या मटणाला शिरका लागायचा तो सेराफिनाचाच. ना जमीन राहिली होती, ना दागिने. जगात तिची म्हणून एकच गोष्ट होती. सेराफिनाच्या शिरक्यात पाणी नसतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तिचा दोष एकच, तोंड. शिरका कशाला चांगला हे सांगायला लागली की थांबायची नाही. ताप चढला तर कपाळावर त्याच्या पट्ट्या ठेवा. केस धुतल्यावर शेवटच्या पाण्यात चमचाभर टाका, चमकतात. हाताचा मासळीचा वास जातो, पितळेचा कळकटपणा जातो, मुंग्या पळतात. जेवताना कांद्यावर घ्या, जड जेवण पचतं. इथपर्यंत ठीक होतं, मीही हे सगळं करत होते. पण गिऱ्हाईक समोर उभं राहून विचारायचं, सांध्यांना चालतो का, चरबीला चालतो का, आणि हिच्या तोंडून 'चालतो की' निघून जायचं. आपल्या मालाचं कौतुक करायची सवयच लागली होती तिला.

अंबादास साकीनाक्याला एका कारखान्यात लेथवर होता. मूळचा मालवणकडचा, राहायला घाटकोपरला असल्फ्याच्या चाळीत. मिठाईचं नाव काढलं तरी बायको डोळे वटारायची, कारण त्याला साखरेचा रोग होता आणि रोज इंजेक्शन घ्यावं लागायचं. काचेची सिरिंज उकळायची, बोथट झालेली सुई मांडीत खुपसायची, त्याला त्याचा भयंकर तिटकारा होता. एकदा बाटली घेताना त्याने विचारलं, "मावशे, साखरेक चालता काय गो?" ती बूच लावत होती. वर न बघता म्हणाली, "साखर पण उतरते रे. न उतरायला काय झालं?" मी अंगणात कपडे वाळत घालत होते. मी ऐकलं आणि विसरले. ती तर बोलता बोलताच विसरली असेल.

तो विसरला नाही. त्यानंतर तो दर थोड्या दिवसांनी येऊन बाटली नेऊ लागला. मग काही आठवडे दिसला नाही आणि एका दुपारी त्याची बायको रत्नप्रभा आली. हातात आमसुलांची पुडी, सेराफिनाला द्यायला आणलेली. किती हौसेने आणली होती ती पुडी.

"मावशी, दोन बाटल्या द्या," ती म्हणाली. "एक ह्यांना लागते आणि एक मला मोरीत ओतायला. मुंग्यांनी जीव नकोसा केलाय. तुमच्या शिरक्याने घटकाभर जातात आणि परत येतात."

"मोरीत कसल्या मुंग्या?"

"काय माहीत. हे लघवीला जाऊन आले की रांगच लागते."

सेराफिनाचा हात थांबला. तिचा बाप ह्याच रोगाने गेला होता आणि त्याच्या शेवटच्या दिवसांत घरामागे अशाच मुंग्या लागायच्या, हे तिने मला पूर्वी सांगितलं होतं. तिने हळूच विचारलं, "सुई घेतो ना तो?"

"सोडली की कधीच," रत्नप्रभा हसून म्हणाली. "तुम्हीच सांगितलंत ना, शिरक्याने उतरते म्हणून. आता कसे हलके झालेत बघा, पँट कमरेला राहत नाही. नुसती तहान लागते सारखी. आणि पायाला चप्पल चावलीय, ती जखम तेवढी चिघळलीय. म्हणून आले नाहीत."

सेराफिनाने बाटल्या दिल्या नाहीत. तिने लुगड्याचा पदर खोचला, पायात चपला घातल्या आणि मला म्हणाली, "मृणाल, चल." इतकी चिडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. बसमध्ये ती स्वतःलाच शिव्या देत होती, रत्नप्रभा घाबरून खिडकीबाहेर बघत होती.

अंबादास गॅलरीत खाटेवर बसला होता. गालफडं बसलेली, गळ्याची हाडं वर आलेली, उशाशी पाण्याचा तांब्या आणि शिरक्याचा पेला. पायाचं फडकं सेराफिनाने स्वतः सोडलं. अंगठा काळा पडला होता आणि वास येत होता.

"उठ," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात चल. सुई घे."

"कित्याक? माका गुण इलो."

"कसला गुण? आरशात तोंड बघितलंस का रे? मरायला टेकलायस तू."

"तूच म्हटलंस, साखर उतरता."

"मी काय डॉक्टर आहे? मी कायपण बोलते. माल खपावा म्हणून बोलते. तुला अक्कल नको?"

तो हसला. त्या हसण्याचा मला आजही राग येतो. म्हणाला, "डॉक्टर लोकांनी दम दिलेलो दिसता तुका. मावशे, तू भिया नको. तुझो शिरको अस्सल आसा, माका म्हायती आसा."

"तुला यापुढे थेंब देणार नाही."

"नको देव. ह्या चाळीत कितीक घरांत तुझो शिरको आसा. कोणय देयत."

आणि खरंच, एव्हाना गॅलरीत सगळी चाळ जमली होती आणि जो तो आपलं आपलं सांगत होता. एकीचे गुडघे थांबले होते. एकाचं पित्त गेलं होतं. कोणाचा मेहुणा बारीक झाला होता. सेराफिना फाटकात उभं राहून जे जे बोलली होती ते सगळं दहा तोंडांनी तिच्यावरच येऊन आदळत होतं. त्या माणसाचा पाय सडतोय हे एकालाही दिसत नव्हतं. मला वाटत होतं, एकेकाच्या कानाखाली आवाज काढावा. रत्नप्रभा तेवढी दाराला धरून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

सेराफिनाने एकदा त्या अंगठ्याकडे पाहिलं, मग कठड्यापाशी गेली आणि खालच्या मजल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"कसला अस्सल घेऊन बसलात? ताडी परवडते कोणाला आता? दुकानातून ॲसिड आणते मी. त्यात नळाचं पाणी ओतते. साखर जाळून रंग देते. वर्ष झालं, सगळ्यांना तेच देतेय."

मी तोंड उघडलं. तिने टाच माझ्या पावलावर इतक्या जोरात दाबली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

अंबादास तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "खोटा बोलतंस. गळ्यातलो क्रूस हातात धर आणि सांग."

सेराफिना एकही रविवार न चुकवणारी बाई. बापाच्या नावाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, पाऊस असो, ताप असो, ती ऐकायचीच. तिने क्रूस मुठीत धरला आणि परत तेच सांगितलं, शब्द न शब्द. पाणी, ॲसिड, जाळलेली साखर.

मग जे व्हायचं ते झालं. अंबादासने पेला कठड्यावरून खाली भिरकावला. त्याने तिचा बाप काढला, जात काढली, धर्म काढला. मघाशी गुडघे थांबलेल्या बाईला एकदम गुडघे दुखायला लागले आणि तीही शिव्या देऊ लागली. आम्ही जिना उतरत असताना वरून कोणीतरी खरकटं पाणी ओतलं. सेराफिनाने लुगडं झटकलं आणि वर बघितलंसुद्धा नाही.

अंबादास दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात गेला. आमच्यावरच्या रागाने गेला, पण गेला. अंगठा कापावा लागला, पाय वाचला. इंजेक्शन पुन्हा सुरू झालं. हे रत्नप्रभाने चोरून येऊन मला सांगितलं. सेराफिनाकडे मात्र ती गेली नाही, तिच्या लेखीही मावशी चोरच होती.

मरोळमध्ये बातमी यायला कितीसा वेळ लागतो? कारखान्यातली माणसं गावठाणातूनच जायची. गिऱ्हाईकं तुटली. गुणाजीला खरं माहीत होतं, त्याच्याच खांद्यावरून ताडी यायची. तो बिचारा भांडायला निघाला होता, पण सेराफिनाने त्याला काय सांगितलं कोण जाणे, तोही गप्प बसला. लोक म्हणू लागले, ताडी नुसती दाखवायला आणते.

आणि वरून चर्च. खोटी शपथ म्हणजे मोठं पाप, ते फादरपुढे कबूल करून पस्तावा केल्याशिवाय तिला कम्युनियन, म्हणजे मिस्साच्या वेळी फादर देतो तो प्रसाद, घेता येईना. मी म्हटलं, "मग जा ना, कबूल करून मोकळी हो."

"पस्तावा व्हायला नको?" ती माझ्यावरच ओरडली. "मला होत नाही. उद्या परत वेळ आली तर परत शपथ घेईन. देवापुढे जाऊन अजून एक खोटं बोलू?"

तेव्हापासून रविवारी सगळे रांगेत पुढे जायचे आणि ही बाकावर बसून राहायची. तिची नणंद रोझमेरी ते बघायची आणि बायकांना सांगायची, "बघा, मन खातंय तिचं. चोरी केली नसती तर अशी बसली असती का?" जे ती देवाला घाबरून, प्रामाणिकपणे करत होती, तोच तिच्या चोरीचा पुरावा झाला. ह्याच रोझमेरीच्या मुलाचं लग्न निघालं तेव्हा शिरका दुकानातून आला, छापील लेबलाच्या बाटल्या. सेराफिना गेली, बायकांबरोबर बसून कांदे चिरले, जेवली. घरी येऊन तिने अंगणातल्या बादलीला अशी लाथ मारली की बादली आमच्या दारावर येऊन आदळली.

मला राहवेना. मी म्हटलं, "बस झालं. मी उद्या सगळ्यांना खरं सांगते."

"सांग," ती म्हणाली. "आणि मग तो गाढव परत बाटली तोंडाला लावेल. त्याला उचलायला तू जा."

तो माणूस जगायला हवा असेल तर हिने चोर राहायला हवं होतं, आणि ते एक-दोन दिवसांचं काम नव्हतं, त्याच्या उभ्या आयुष्याचं होतं. रांजण तिने सोडले नाहीत. शिरका करायची, बाटल्या भरायची, त्यातल्या बऱ्याचशा तशाच पडून राहायच्या. कोणी चुकून नवं गिऱ्हाईक आलं आणि कशाला चालतो म्हणून विचारलं, तर ती खेकसायची, "कांद्यावर घाल आणि गप जेव." शेजारच्या कारखान्यात जेवणाचे डबे देऊन तिने पुढची वर्षं काढली.

सत्त्याहत्तरच्या मे महिन्यात आम्ही दोघी मरोळच्या बाजारात सुकी मासळी घ्यायला गेलो होतो. कोळणींसमोर ही गर्दी, पावसाळ्याची बेगमी करायला आलेली. तिथे अंबादास होता. चांगला भरला होता, पोट सुटलं होतं, चालताना एका पायाने जरा ओढत होता एवढंच. त्याने तिला पाहिलं आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा ओरडला, "ह्या बायेकडून काय घेव नको रे. चोर आसा. पाणी इकता."

लोक वळून बघू लागले. माझे हात शिवशिवत होते. मी पुढे झाले तर सेराफिनाने माझं मनगट धरलं आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"सुई घेतोस ना रे?" तिने विचारलं.

"घेतंय तर. रोज घेतंय. तुझ्या पाण्यार इस्वास ठेवन ऱ्हवलंय असतंय तर मेलंय असतंय."

"हो," ती म्हणाली. "मेला असतास."

तिने बोंबील घेतले, भावावरून कोळणीशी नेहमीसारखी भांडली आणि आम्ही निघालो. नाक्यापर्यंत ती पाय आपटत चालली. माझा तर बांधच फुटला. मी रस्त्यातच रडायला लागले. म्हटलं, "मावशी, एवढं ऐकून घेतलंस त्या कृतघ्नाचं? भर बाजारात?"

ती थांबली आणि माझ्यावर खेकसली, "रडतेस काय? किती जाड झालाय तो, बघितलंस ना?"