एका अंगठ्याचा खेळ

रत्नागिरीला एसटी स्टँडच्या मागे व्हिडिओ गेमचं दुकान होतं. दोन हजार चारच्या सुमारास मी कॉलेज बुडवून तिथे बसायचो. एक चाळिशीचा माणूस रोज पाचला यायचा. कारखान्यात बर्फातली कोळंबी सोलायचं काम करायचा. अंगाला तोच वास. बसला की आधी तळवे मांडीवर बराच वेळ चोळायचा.

खेळायचा एकच गेम. समोरून येणाऱ्या यंत्रांवर गोळ्या झाडायच्या, आणि प्रत्येक गोळीचा ठोका गाण्याच्या तालात बसवायचा. आम्ही नुसते धडाधड झाडत सुटायचो. हा मान डोलवत थांबायचा आणि नेमकं समेवर अंगठ्याने रिमोटचं बटण दाबायचा. कधी हरायचा नाही.

"ढोलकी वाजवता काय हो?" मी एकदा विचारलं.

"मृदंग वाजवायचो, गावच्या नमन-खेळ्यात," पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला. "आता बोटांना कायच कळत नाय. बर्फानं मारली. हितं एक अंगठा पुरतो."

शिमग्यात पालखी दुकानावरून गेली. ढोलांनी काचा हादरल्या, आम्ही दाराशी धावलो. वळून बघतो तर हा खुर्चीतच. अंगठा बाहेरच्या ढोलाबरोबर चालला होता, आणि पडद्यावर तो पहिल्यांदाच हरला होता.

त्याने रिमोट खाली ठेवला. डोळे मिटून दोन्ही हातांनी मांडीवरच मृदंग वाजवायला घेतला.

"लागतायत काय रे बोटं?" त्याने ओरडून विचारलं.

निम्मी बोटं हवेतच फिरत होती.

"हो," मी म्हणालो.