बाकाखालची वायर

आई कंपनीतून घरी आली की तिच्या पदराला जळक्या प्लास्टिकचा वास यायचा. ती पॅकिंग खात्यात होती. तिथं काहीच जळत नसे. तरी आमच्या निमोण्यातून तिच्याबरोबर जाणाऱ्या बायका म्हणायच्या, "कंपनीचा वास हाय, दुसरं काय!"

आमच्या घरात भांड्यांपेक्षा पत्रकं जास्त. वडील जयंतीला ती छापून वाटायचे आणि उरलेल्या गठ्ठ्यांवर मी वाचायला शिकले. 'का?' हा प्रश्न त्यांत जागोजाग असायचा. त्यामुळे 'दुसरं काय' हे उत्तर मला कधी पटलं नाही.

बायकांना नेणारी गाडी माझ्या चुलत्यांची, आप्पांची. मागं समोरासमोर दोन लांब बाकं आणि बाहेरून कडी लागणारं दार. एका गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीला, मी गाडीत डोकावले तर तोच वास. बॉनेट वर करून फ्यूजचा डबा उघडला. मागच्या दिव्यांच्या फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारेचा पीळ बसवलेला.

"आप्पा, हे कुणी केलं?"

"म्याच. सारखा फ्यूज उडायचा. तार घातली, तवापासून कटकट न्हाई."

"वायर कुठंतरी पत्र्याला लागतीय म्हणून उडायचा तो. आता फ्यूज जळायच्या ऐवजी वायर जळतीय."

"आयटीआय काय केलं, लगीच वायरमनीण झाली! तू जा, पत्रकं वाट."

"माणसं कोंडून नेता तुम्ही, आप्पा! बाहेरनं कडी लावून!"

आप्पांनी बॉनेट आपटलं. आमचा आवाज ऐकून आई बाहेर आली. ती सरळ आप्पांकडं वळली.

"भाऊजी, ज्या बाकाखालनं वास येतो, त्यावरच मी बसते. जाऊबाई बी माझ्याच शेजारी असत्यात. उघडा."

तिला नाही म्हणणं आप्पांना जमलं नाही. मी आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवली, म्हणजे पाना कुठं टेकला तरी ठिणगी पडायला नको. मग त्यांनी बाक उचलला. बाकाच्या पट्टीखाली वायर चेमटली होती. आवरण वितळून तांबं उघडं पडलं होतं, आणि त्यावरचा फोम कोळशासारखा काळा. आईचीच जागा. आप्पा तिथंच खाली बसले. माझं खरं ठरलं होतं. मी कटर हातात घेतला.

जळालेला भाग कापून आम्ही तेवढ्याच जाडीची नवी वायर जोडली. वर नळी चढवली, पत्र्याच्या धारेपासून लांब बांधली. तारेचा पीळ काढून गाडीच्या कंपनीनं सांगितलेल्या अँपिअरचा फ्यूज घातला. बॅटरी जोडल्यावर दिवे लागले, फ्यूज टिकला.

शुक्रवारी सकाळी बायका जमल्या, तेव्हा आप्पांनी कुणाला चढू दिलं नाही. जळका फोम हातात धरून त्यांनी झालं ते सगळं सांगितलं, तार आपणच घातली हेही. काकूंनी तोंडाला पदर लावला. मग सगळ्यांत वयस्कर मावशी पुढं आल्या.

"आन् ह्या दुसऱ्या बाकाखाली काय हाय?"

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. ती बाजू आम्ही उघडलीच नव्हती.

"बघितलं न्हाई, मावशी."

"मंग बघा की."

"उशीर व्हईल. हाफ डे लागंल तुमाला."

"लागू द्या."

मावशींनी डबा खाली ठेवला आणि त्या रस्त्याकडेला बसल्या. आई त्यांच्या शेजारी जाऊन बसली. एकेक करत बाकीच्याही बसल्या. आप्पांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, बॅटरीची केबल सोडली आणि दुसऱ्या बाकाच्या बोल्टला पाना लावला.