पप्पांनी फालतू मेसेजना दिलेले जवाब

मंडळी, आज सकाळी शाहपुरच्या आमच्या बागेतली केळी कापली जाणार होती. नाही कापली गेली.

कटाईची टोळी पाठवणाऱ्या मुकादमाने काल पप्पांना मेसेज टाकला होता, "सकाळी येऊ का? हो म्हणा." पप्पांनी तो पाहिलाच नाही. टोळी दुसऱ्याच्या बागेत गेली. आता आमचा नंबर चार दिवसांनी, आणि घड तर आत्ताच पिवळे पडायला लागलेत.

रागारागात मी पप्पांचा मोबाइल उघडला. लोन, प्लॉट, रमी, लकी ड्रॉ! मुकादमाचा मेसेज या कचऱ्याखाली दबलेला. आणि पुढे पाहते तर काय, पप्पा एकूणएकाला जवाब देत होते. "भाऊ, प्लॉट नको. घर आहे. तुमचा धंदा चांगला चालो." एवढ्या परक्यांना जवाब गेले, मुकादमाचा एक 'हो' तेवढा राहिला.

"पप्पा, जवाब दिला की त्यांना कळतं, इथे कोणी वाचतंय. मग अजून पाठवतात!"

"अगं, दारावर आलेल्याला काही न बोलता कसं हाकलायचं?"

"दारावरचा माणूस नको म्हटलं की पुढच्या घरी जातो. हे जातात का?"

मी तिथेच खाटेवर बसून एकेक नंबर ब्लॉक केला, जाहिरातींचे मेसेज अडवणारं डीएनडी चालू केलं. आता दर रविवारी हे काम माझं.

मी उठले तर पप्पा हळूच म्हणाले, "बंद करायच्या आधी त्यांना सांगितलंस ना?"

तुमच्या घरातल्या मोठ्यांचा मोबाइलही आज मागून घ्या आणि बघा. तिथून कोणाकोणाला आशीर्वाद जातायत?