पट्टकदंब बघायला गेलो आणि सही करून आलो

लातूरच्या शिरीष सरांनी मला फसवलं आणि मी सुंदराबाईंना फसवलं. पहिल्या फसवणुकीला एकवीस साक्षीदार आहेत. दुसरीला एकही नाही, म्हणून ती मलाच लिहावी लागते आहे.

मी देगलूरचा. शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी घ्यायच्या, त्या भरायच्या (आतली तांब्याची तार नव्याने गुंडाळायची) आणि विकायच्या, हा माझा तीस वर्षांचा धंदा. वडिलांकडून मला फक्त मोठा आवाज मिळाला. बाकीचं मी मिळवलं. नांदेडच्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि सांगितलं की रागावर गोळी नसते. सकाळी मोकळ्या हवेत जा, ज्याचा भाव करता येत नाही असं काहीतरी बघा. लातूरला दिलेल्या माझ्या मुलीने हे मनावर घेतलं आणि मला न विचारता शिरीष सरांच्या पक्षी-फेरीत माझं नाव घातलं. सर लातूरला एका शिकवणीत जीवशास्त्र शिकवतात आणि थंडीत दर रविवारी लोकांना पाखरं दाखवतात.

जानेवारीत एका पहाटे जीप काढली. मुखेड, कंधार करत लोह्याच्या पुढे गेलो आणि लातूर रस्ता सोडून आत वळलो. तलावाचं नाव लिहीत नाही. आधीच तिथे गरजेपेक्षा जास्त माणसं जातात. शेवटचा दीड कोस रस्ता असा होता की रस्ता आहे हे फक्त माझ्या कमरेला कळत होतं.

तलावावर धुकं होतं. पाणी आहे हे आवाजावरून समजायचं. मला धरून बावीस पाहुणे जमले होते, सगळे मातकट कपड्यांत. मी लग्नाला घालतो तो पांढरा शर्ट घातला होता, कारण बाहेरगावी जाताना मी तोच घालतो. सर म्हणाले, पांढऱ्याला पक्षी बुजतात. मी त्यांना दहा हातांवर उभा असलेला बगळा दाखवला. सर नुसते दातांनी हसले आणि कुणाची तरी खाकी चादर माझ्या अंगावर घातली. दुर्बिणीला अडतो म्हणून चष्माही जीपमध्ये ठेवायला लावला.

धुकं वर गेलं तसं पाणी दिसायला लागलं. काठावर लांब लाल पायांचे शेकाटे चिखलात टोचत फिरत होते, उकिरड्यात हरवलेली वस्तू शोधावी तसे. पलीकडे तलवार बदकं झोपली होती. नारिंगी रंगाची चक्रवाकाची जोडी सगळ्यांपासून लांब बसली होती. सर प्रत्येक पाखरावर प्रश्न काढायचे. शेपूट टोकदार, चपटी, गोल की यापैकी नाही? वयाने वाढलेली माणसं हात वर करून उत्तरं देत होती. बरोबर आलं की सर मान हलवायचे आणि यादीवर खूण करायचे.

ही यादी माझ्या डोक्यात गेली. पाणकणसांत काहीतरी ‘टक टक’ वाजलं आणि सरांनी ‘बोरू वटवट्या’ म्हणून खूण केली. मी विचारलं, कुठे दिसला? म्हणाले, दिसत नसतो, आवाजावरून ओळखायचा असतो.

“सर, मोटार आवाज करते म्हणून मी घेत नाही. पाणी फेकते का ते बघतो.”

काही जण हसले. सरांनी खूण तशीच ठेवली आणि आम्ही पुढे चाललो.

तलावाला वळसा घातल्यावर एक हिरवा पट्टा लागला. हा गाळपेरा (पाणी ओसरून उघड्या पडलेल्या गाळात केलेली पेरणी). हरभरा गुडघ्याच्या खाली होता आणि त्यात राखेच्या रंगाचे गोटे पडलेले दिसत होते. गोटे चालायला लागले. सरांनी दुर्बीण माझ्या हातात दिली. पांढरं डोकं, मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. पट्टकदंब. हिमालयावरून उडत येतात, असं सरांनी हळू आवाजात सांगितलं. मी मोजले, एकोणचाळीस होते. इतक्या लांबून आलेला पाहुणा घाईने खाईल असं मला वाटलं होतं. हे घाई करत नव्हते. एक घाटा खायचा, मान वर करून बघायचं, पुन्हा खायचं. मी एकाचाही भाव मनात काढला नाही. मुलीला हे सांगितलं तर तिला खरं वाटलं नाही.

मग अजून जवळून बघावं म्हणून मी चादर सावरत खाली उतरलो आणि माझा उजवा पाय गाळात गेला. पाय आला, बूट राहिला. मंडळी सरांमागे पुढे निघून गेली होती. तेवढ्यात बांधावरून एक बाई काठी घेऊन आली.

“दादा, तिकून न्हाई. तिकडं गाळ लई खोल हाय.”

तिने काठी पुढे केली, मला ओढून बांधावर घेतलं आणि खुरप्याने माझा बूट खणून काढला. या सुंदराबाई. पन्नाशी ओलांडलेल्या, डोक्याला टॉवेल बांधलेला, कमरेला गोफण खोचलेली. हरभरा त्यांचाच होता.

बूट वाळेपर्यंत त्यांनी काटक्या पेटवल्या आणि हुळा (हरभऱ्याचे कोवळे घाटे झाडासकट भाजून) केला. हात काळे झाले, तोंडही झालं असणार. मी नेहमीप्रमाणे चौकशीला लागलो. शेत कोणाचं, किती, कशाने पाणी देता. त्या तलावाकडे बोट करून म्हणाल्या, “ह्या पाण्याखाली आमचं सात एकर हाय. वर आलं की म्या पेरते, खाली गेलं की ते झोपतं.”

तलाव झाला तेव्हा सासऱ्यांची जमीन त्यात गेली होती. पाणी ओसरलं की पाटबंधाऱ्याच्या हापिसातून दर साली परवानगी घ्यायची आणि आपल्याच जमिनीत पेरायचं. नवरा नाही. दुसरी जमीन नाही.

एकोणचाळीस पाखरं समोर पीक खात होती आणि गोफण कमरेला होती, म्हणून मी विचारलं, मारत का नाही?

“सरांनी सांगितलं ना. दोन साल झाले, एक दगूड उचलला न्हाई. ते म्हणले, तुम्ही पाखरं हाकलू नका, तुमच्या गाळपेऱ्याचं हापिसात मी बोलतो. म्हणून ह्या गंधवाल्यांना एक पट्टा सोडून दिला.”

डोक्यावरच्या पट्ट्यांवरून त्यांनी पट्टकदंबांना गंधवाले हे नाव ठेवलं होतं. सरांनी काही लिहून दिलं का, असं मी विचारलं.

“कागूद कशाला? मास्तर हाईत ते.”

निघताना त्यांनी माझ्या हातात हुळ्याची मूठ दिली. म्हणाल्या, “दादा, तुमी मोठ्या लोकांत बसता. कुणी इचारलं तर एवढं सांगा, ही बाई पाखराला मारत न्हाई.”

मी म्हणालो, “अक्का, माझी जबान.”

जबान मी सहज देत नाही. देगलूरच्या बाजारात मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू अशा चार भाषांत धंदा चालतो आणि चारही भाषांत हा एकच शब्द कागदाच्या वर धरतात.

बाभळीखाली नाश्ता होता. सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा उपमा) चांगला होता, मिरची हात राखून घातली होती. सर यादी वाचत होते. बोरू वटवट्या आला तसा मी ताट खाली ठेवलं. म्हणालो, बावीस माणसांपैकी एकाने तरी पाहिला असेल तर हात वर करा. कोणी केला नाही. मी आवाज चढवला. सुशीला खाणारे थांबले. सरांनी शांतपणे पेन काढलं, वटवट्यावर रेघ मारली आणि म्हणाले, “बरं शेठ, तुम्ही जिंकलात. खोडला.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच हाताने सरांनी पुठ्ठ्याला लावलेला एक कागद पुढे केला. “नाव, गाव, सही. तलावासाठी आहे.”

दोन जणांनी आधी सही केली होती. तिसरी मी केली. चष्मा जीपमध्ये होता आणि जीप शंभर पावलांवर होती.

गिऱ्हाईकाला पाइपच्या क्लिपा फुकट द्यायच्या आणि त्या आनंदात त्याच्या गळ्यात जुनी मोटार मारायची, हे मी स्वतः शेकडो वेळा केलं आहे. माझ्यावर कोणी केलं नव्हतं.

देगलूरला परत आलो, जेवलो, झोपलो. संध्याकाळी फेरीच्या ग्रुपवर सरांनी त्या कागदाचा फोटो टाकला, खाली हात जोडलेले. चष्मा लावून मोठा करून वाचला. आम्ही खाली सह्या करणारे पक्षीप्रेमी नागरिक मागणी करतो की या तलावातील गाळपेरा कायमचा बंद करावा, त्यामुळे स्थलांतरित पक्ष्यांना त्रास होतो. तिसरं नाव माझं. व्यापारी, देगलूर.

सरांना फोन लावला. ते म्हणाले, वर स्पष्ट लिहिलं होतं, वाचायचं होतं. इथे त्यांचं खरं आहे. मग म्हणाले, शास्त्राच्या दृष्टीने माणसाची ये-जा घातकच. मी म्हणालो, पाखरं तिच्याच हरभऱ्यात बसतात. हरभरा गेला की तुम्ही लोकांना काय दाखवणार, बाभळी? त्यांनी सांगितलं की त्याचा अभ्यास करावा लागेल. मी विचारलं, सुंदराबाईला तुम्ही काय शब्द दिला होता? ते म्हणाले, “तिला मी समजावून सांगेन.” मी विचारलं, कधी? त्यांचा तास सुरू झाला होता.

मंगळवारी दुकान बंद ठेवून नांदेडला पाटबंधाऱ्याच्या हापिसात गेलो. सही मागे घेतो म्हणून अर्ज दिला. टेबलावरच्या माणसाने तो दोनदा वाचला. म्हणाला, काका, सही वाढवायची असेल तर जागा आहे, कमी करायची पद्धत नाही. मी ओरडलो. त्याला ओरडण्याची सवय असावी, त्याने अर्जावर आवक शिक्का मारला आणि प्रत दिली. अर्जात मी तीन गोष्टी लिहिल्या आहेत: मी न वाचता सही केली, ती बाई पाखरांना मारत नाही, आणि पट्टकदंब मी तिच्याच पिकात चरताना पाहिले.

तिथून तसाच तलावावर गेलो. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. दुपार होती, पाखरं पाण्यावर होती, सुंदराबाई हरभऱ्यातलं गवत काढत होत्या. मी उभ्या-उभ्या सगळं सांगितलं. माझी सही आहे हे आधी सांगितलं. त्या खाली बसल्या नाहीत, रडल्या नाहीत. खुरप्याचा गाळ पुसत म्हणाल्या, “तुमी जबान देऊन गेल्ते दादा.”

मी म्हणालो, हाव.

पाण्याकडे बघत त्यांनी विचारलं, “अन् सरांची सही कितवी हाय?”

मी खिशातून फोन काढला. वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं. बावीस सह्या होत्या आणि मला धरून आम्ही पाहुणेच बावीस होतो. कागद ज्याने लिहिला, ज्याने फिरवला आणि ज्याने नेऊन दिला, त्याची त्यावर सही नाही. उद्या परवानगी बंद झाली, तर सरांना बाईला सांगता येईल की शहरातल्या लोकांनी मागणी केली, माझा इलाज चालला नाही. तीस वर्षं बाजारात बसून एवढं मला कळायला हवं होतं. बाईने ते एका प्रश्नात काढलं.

प्रवासाने माणूस शहाणा होतो म्हणतात. मी दोन जिल्ह्यांच्या मधला एक तलाव पाहिला, एकोणचाळीस पट्टकदंब पाहिले आणि ज्या बाईच्या हातचं खाल्लं तिच्याच विरुद्ध सही करून आलो. माझ्या वाट्याचं मी तिच्या तोंडावर कबूल केलं आहे आणि हापिसात शिक्क्यानिशी दिलं आहे. आता शिरीष सरांची पाळी. त्यांनी फोनवर नाही, ग्रुपवर नाही, शिकवणीच्या वर्गातही नाही, सुंदराबाईंच्या बांधावर येऊन, तिच्यासमोर उभं राहून सांगावं: त्या कागदावर त्यांची सही का नाही?