एकमताने मंजूर

बेळ्ळंदूरच्या आमच्या सोसायटीत रिक्षा काय, भाड्याची कुठलीच गाडी गेटाच्या आत येत नाही. आमचा टॉवर अगदी शेवटचा, मध्ये चढ. माझ्या मिस्टरांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असायचं. जाताना कसंबसं निभायचं, येताना ह्यांच्या अंगात त्राण नसायचं. चढावर व्हीलचेअर माझ्याने ढकलवत नसे.

ह्यांच्यापुरती गाडी आत सोडा म्हणून सेक्रेटरींना चारदा विनवलं. ‘वार्षिक सभेत ठराव मांडा,’ ते म्हणाले. मी निपाणीची. आमच्या गल्लीत चार माणसं कट्ट्यावर बसली की निकाल लागायचा, मला कसले ठराव येतात! तरी शिकले. आधी मांडणारा, मग अनुमोदन देणारा, मग चर्चा, उपसूचना, मतदान. शेजारच्या अक्कांच्या हातापाया पडून अनुमोदनाचं कबूल करून घेतलं.

सभेत मी ठराव वाचून दाखवला. अक्का शब्दाला जागल्या. मग एका तरुण गृहस्थाने उपसूचना आणली: प्रश्न सुरक्षेचा आहे, आधी समिती नेमावी आणि तिचा अहवाल पुढच्या वार्षिक सभेत घ्यावा. अध्यक्ष माझ्याकडे वळले.

‘अम्मा, उपसूचना ऐकलीत. सरी ना?’

‘सरी,’ मी म्हणाले.

भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला, वॉचमनला मी दिवसातून पन्नासदा हे कानडी सरी म्हणते. बरं, ऐकलं, एवढाच माझा त्यात अर्थ. पुढचं बोलणं तर मी पाठ करून आले होते. पण अध्यक्षांनी लिहून घेतलं की ठराव मांडणाऱ्या बाईंना उपसूचना मान्य आहे. मान्य म्हटल्यावर चर्चाच संपली. लगेच मतदान पुकारलं. मला बोलायचं होतं म्हणून मी घाईघाईने हात वर केला, तर तोही बाजूने मोजला गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. उपसूचनेसह ठराव एकमताने मंजूर.

‘सर, चुकलं माझं. मला मान्य नाहीये,’ मी उभी राहून म्हणाले.

‘मतदान झाल्यावर बोलता येत नाही, अम्मा. आता पुढच्या वर्षी.’

ते अगदी प्रेमाने बोलले. त्यांनी खेकसून सांगितलं असतं तर भांडता तरी आलं असतं. डॉक्टर आमच्याशी महिन्यांच्या हिशोबात बोलत होते आणि अध्यक्ष वर्षाच्या. माझ्या मूर्खपणाचा मला संताप संताप आला.

घरी हे वाटच बघत होते. ‘काय ठरलं गं?’

खोटं सांगावंसं वाटलं, पण सोमवारी डायलिसिसहून येताना गेटावर कळलंच असतं. सगळं सांगितलं, सरीसकट.

‘म्हणजे विरोधात एकही हात नव्हता?’

‘नाही.’

‘तुझाही?’

मी त्यांचं पांघरूण सारखं करू लागले.

‘मग सोमवारचं राहू दे,’ ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.