सलमाचं कलम

सलमा नव्या राज्यघटनेतलं एकेक कलम मला वाचून दाखवायची, तेही मी पोळ्या लाटत असताना. मी पुण्याहून आलेली, जीवशास्त्रातली पोस्टडॉक संशोधक. कायद्यातलं मला ओ की ठो कळत नसे. "म्हणूनच," ती म्हणे. "तुला कळलं, तर माझ्या आईला कळेल."

परदेशात, चोआ चू कांग नावाच्या उपनगरातल्या एका फ्लॅटमध्ये आम्ही शेजारशेजारच्या खोल्यांत भाड्यानं राहत होतो. ती उत्तर आफ्रिकेतली, इथल्या विद्यापीठात कायदा शिकवायची. तिच्या देशातला हुकूमशहा गेला होता, पण देश दुभंगला होता. घटनेच्या मसुदा समितीला ती इथून मदत करत होती. लांबलचक वाक्य दिसलं की तोडायची. "लांब वाक्यात हुकूमशहाला लपायला जागा मिळते, गं," म्हणायची. तो 'गं' माझ्याकडून उचललेला.

एका कलमावर मात्र सगळं अडलं. 'कारण सांगितल्याशिवाय कुणालाही अटक करता येणार नाही.' समितीतल्या काहींना त्यापुढे 'आणीबाणी वगळता' हे शब्द हवे होते. त्या काहींत तिचा थोरला भाऊ होता. धाकटा जुन्या राजवटीच्या सैन्यात होता. दोघा भावांचं बोलणं केव्हाच तुटलं होतं.

एका रविवारी थोरल्याचा व्हिडिओ कॉल आला. आवाज चढले. मग सलमा एकदम हळू बोलू लागली. काय बोलली, ते तिनं मला नंतर सांगितलं: "बाबांना घरातून नेलं, तेव्हाही आणीबाणीच होती. तूच दारात उभा राहून कारण विचारत होतास."

त्यानं फोन ठेवला. ती भांडी घासायला लागली. घासलेलीच पुन्हा घासत होती. मी नळ बंद केला, तिला बसवलं आणि गरम पोळीला तूप लावून तिच्या हातात दिली.

आठवड्याभरानं त्याचा पुन्हा फोन आला. कलमाबद्दल चकार शब्द नाही. म्हणाला, "धाकट्याचा नवा नंबर दे."

पुढे 'आणीबाणी वगळता' हे दोन शब्द मसुद्यात आलेच नाहीत आणि सलमाही कायमची मायदेशी निघाली. चांगी विमानतळावर मी निरोपाचं लांबण लावलं. "लहान वाक्य, गं," म्हणत तिनं मला घट्ट मिठी मारली.

मसुदा पूर्ण झाला, पण मतदानाआधीच पुन्हा लढाई पेटली. मी फोनवर विचारलं, "एवढे कष्ट वाया गेले, असं नाही वाटत?"

"वाटतं. रोज वाटतं," ती म्हणाली. "पण शुक्रवारी दोघेही भाऊ आईकडे जेवायला येतात. कलमांवरून अजून भांडतात. ताटावरून मात्र कुणी उठत नाही."