पोकळ माकूळ

प्यो मालसूननं पिशवी उघडली आणि तिचं डोकं फिरलं. आत बारा माकुळी, म्हणजे स्क्विड, होत्या. गोठलेल्या, पांढऱ्याफटक आणि पोट आधीच साफ केलेल्या.

"सर, यांचं मी काय करू?"

लेकीच्या शाळेतले शिक्षक, की सर, वर्गात लॅपटॉपची तार जोडत होते. "दाओमच्या आई, रोज करता तेच. चिरून दाखवा. परदेशातल्या मुलांना आपला समुद्र कळू दे."

"हा कुठला आपला समुद्र? पाकिटावर अर्जेंटिना लिहिलंय."

"मग नुसती सुरी फिरवा. पडद्यावर कुणाला कळतंय?"

कोरियातल्या जुमुनजिन बंदराच्या धक्क्यावर मालसूननं एकतीस वर्षं माकुळी चिरल्या होत्या. लग्न करून आली त्याच हिवाळ्यात सासूनं हातात सुरी दिली आणि सांगितलं, शाईची पिशवी फुटली तर जेवण नाही. पहिला महिनाभर ती उपाशीच झोपली. पुढं तिची बोटंच बघायला शिकली. लेकीच्या, दाओमच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हाही ती चिरायच्या बाकावरच होती. पेटी संपवून मगच उठली. तेव्हा बाकावर चोवीस बाया होत्या. मग पाणी तापत गेलं, माकुळी उत्तरेला सरकल्या, होड्या नुसतं बर्फ घेऊन परत यायला लागल्या. आता तिघी उरल्या होत्या, आठवड्यातून दोन दिवस.

आणि हा माणूस म्हणत होता, सुरी फिरवा.

पडदा उजळला. एका चौकोनात डेन्मार्कची मुलं, दुसऱ्यात फिलिपिन्सची. सरांनी मालसूनपुढं चिठ्ठी सरकवली: आम्ही गावकरी मिळून समुद्र जपतो आहोत. तिचं बोलणं इंग्रजीत सांगायला सोळा वर्षांची दाओम शेजारी बसली होती.

डेन्मार्कच्या मुलानं विचारलं, हवामान बदलल्यानं तुमच्या कामात काही फरक पडला का?

मालसूननं चिठ्ठी उलटी ठेवली. एक माकूळ उचलून कॅमेऱ्यापुढं धरली आणि तिच्या पोटात दोन बोटं घातली.

"बघा, पोकळ आहे. ही आमची नव्हे, दुकानातनं आणलीय. आमच्या समुद्रात आता माकूळ नाही. मला इथं नाटक करायला बसवलंय. मी चिरणारी बाई आहे, सोंग करणारी नाही. आमचं काम कुणी खाल्लं ते विचारा या मोठ्या माणसांना!"

दाओम चारच शब्द बोलली.

"एवढंच?" मालसून तिच्याकडं वळली. "मी एवढं बोलले नि तू चार शब्दांत उरकलंस?"

"आई, सर बघतायत गं. कॉलेजसाठी माझ्या शिफारशीचं पत्र तेच लिहिणारेत."

"बघू देत. त्यांनी मला नुसती सुरी फिरवायला सांगितली, आता तू नुसतं तोंड हलव. शिकलीस छान!"

दाओमचे कान लाल झाले. ती पुन्हा बोलायला लागली, या वेळी लांबलचक. इंग्रजी मालसूनला कळत नव्हतं, पण 'अर्जेंटिना' कळलं, आणि सरांचा पडलेला चेहराही कळला.

फिलिपिन्सच्या चौकोनातली एक मुलगी खुर्ची पुढं ओढून काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?"

"तिचे वडीलही मासे धरतात. बाकावरच्या बाकीच्या बाया कुठं गेल्या, विचारतेय."

"वेळ संपत आली," म्हणत सरांनी लॅपटॉपकडं हात नेला.

दाओमनं लॅपटॉप उचलून मांडीवर घेतला. "सांग, आई."

"ओकबुन," मालसून म्हणाली. "हॉटेलात भांडी घासते. पुढची, चुनजा..."